संगणकाचे वायुशीतन

संगणकाचे वायुशीतन : संगणकाच्या विद्युत् मंडलांत निर्माण होणारी उष्णता वाहत्या हवेच्या साहाय्याने बाहेर नेऊन त्यांतील घटकांचे तापमान सुरक्षित मर्यादेत ठेवण्याच्या क्रियेस वायुशीतन म्हणतात. संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. गणिताचे उत्तर पडद्यावर किंवा कागदावर उमटते, पण त्यासाठी खर्च झालेली ऊर्जा खोलीतील हवेत जाऊन मिसळते. ही उष्णता वेळीच दूर झाली नाही, तर मंडलांतून चुकीचे संकेत मिळू लागतात, घटकांचे आयुष्य कमी होते व प्रसंगी यंत्र बंद पडते. म्हणून संगणकाच्या प्रत्येक पिढीच्या रचनेवर शीतनाच्या पद्धतीचा ठसा उमटलेला आढळतो.

या पद्धतीच्या इतिहासात दोन स्थित्यंतरे ठळकपणे दिसतात. प्रारंभी संपूर्ण खोली थंड करून संगणक चालविला जाई. पुढे संगणक लहान होऊन घरात आल्यावर हे काम त्याच्या पेटीतील लहान पंख्यांकडे आले. त्याबरोबरच शीतनाची जबाबदारीही संस्थेकडून व्यक्तीकडे आली. महाराष्ट्रातील, विशेषतः कोकण किनाऱ्यावरील उष्ण व दमट हवेत या दुसऱ्या स्थित्यंतराला वेगळे महत्त्व आहे, कारण पंखा हवा हलवू शकतो, थंड करू शकत नाही.

तत्त्व : उष्णतेचे स्थानांतर वहन, अभिसरण व प्रारण या तीन प्रकारांनी होते. संगणकात सिलिकॉनच्या चकतीत निर्माण झालेली उष्णता प्रथम वहनाने तिच्या आवरणात, तेथून उष्णतावाहक लेपातून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्यात, म्हणजे हीट सिंकमध्ये जाते. या पत्र्यांमुळे हवेच्या संपर्कात येणारे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते. त्यांवरून वाहणारी हवा अभिसरणाने उष्णता घेऊन जाते. प्रारणाचा वाटा येथे अल्प असतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा खालून येणारी थंड हवा घेते, हे तत्त्व कौलारू घरातील धुराड्यात पूर्वापार वापरले गेले आहे. संगणकात मात्र नैसर्गिक अभिसरणाचा वेग अपुरा पडतो, म्हणून पंख्याने सक्तीचे अभिसरण घडवून आणतात.

हवेची आवश्यक राशी साध्या गणिताने काढता येते. सामान्य तापमानाला १ घ. मी. हवेचे वस्तुमान सु. १·१५ किग्रॅ. असून १ किग्रॅ. हवेचे तापमान १° से.ने वाढविण्यास सु. १,००५ जूल उष्णता लागते. यावरून ३०० वॉट उष्णता निर्माण करणाऱ्या संगणकातून बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा केवळ १०° से.ने अधिक उष्ण राहावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सु. २६ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. हे प्रमाण दुप्पट केले, तर वाढ ५° से. होते, चौपट केले, तर २·५° से. याचा अर्थ असा की, पहिल्या एकदोन पंख्यांनी मोठा लाभ होतो व त्यापुढील प्रत्येक पंख्याचा लाभ कमी होत जातो. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट केल्यास हवेची राशी दुप्पट व दाब चौपट होतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाजही बराच वाढतो. पंख्यांची संख्या कितीही वाढविली, तरी कोणत्याही घटकाचे तापमान खोलीतील हवेच्या तापमानाखाली जात नाही. ही मर्यादा पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

निर्वात नलिकांचा काळ : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार होऊन १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या. त्याला लागणाऱ्या सु. १५० किलोवॉट शक्तीपैकी सु. ८० किलोवॉट नलिकांचे तंतू तापविण्यासाठी व सु. २० किलोवॉट वायुवीजनाच्या पंख्यांसाठी खर्च होत असे. नलिकेचे कार्यच तप्त तंतूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यावर अवलंबून असल्याने उष्णता हा या यंत्राचा दोष नव्हता, तर त्याची पूर्वअट होती. या काळात शीतनाचा खर्च गणनेच्या खर्चाचा अविभाज्य भाग मानला गेला.

भारतात स्वदेशी रचनेचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनीय अंकीय संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी प्रथम १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालू केले व त्याच्या अनुभवावरून पूर्ण आकाराचे यंत्र बांधले. ते १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याला ‘टिफरॅक’ हे नाव दिले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. मुख्य जुळणी १८ फुट लांब, २·५ फुट रुंद व ८ फुट उंच अशा पोलादी सांगाड्यात केलेली असून मंडलांपर्यंत पोहोचता यावे म्हणून सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना दारे होती.

अशा यंत्रातील उष्णतेचा अंदाज करता येतो. प्रत्येक नलिकेचा तंतू तापविण्यास २ ते ३ वॉट लागतात असे धरल्यास केवळ तंतूंसाठी ५ ते ८ किलोवॉट शक्ती खर्ची पडते. ही उष्णता एका अरुंद कपाटात कोंडली गेल्यास तापमान झपाट्याने वाढते. जर्मेनियमच्या घटकांचे गुणधर्म तापमानाबरोबर लवकर बदलतात, त्यामुळे नलिका व डायोड यांना एकाच सांगाड्यात बसविणाऱ्या अभियंत्यांना हवेच्या वाटेचा विचार टाळता येत नसे. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात हा प्रश्न समशीतोष्ण देशांतील प्रयोगशाळांपेक्षा अधिक कठीण होता.

ट्रँझिस्टर ते महासंगणक : डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत शोधल्या गेलेल्या ट्रँझिस्टरला तापलेल्या तंतूची गरज नव्हती. टाटा संस्थेत १९६४ मध्ये आलेला सीडीसी ३६०० हा संगणक ट्रँझिस्टरांवर चालणारा होता आणि त्याने टिफरॅकची जागा घेतली. नलिका गेल्याने उष्णतेचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एका घटकाची उष्णता घटली, पण घटकांची संख्या व त्यांची दाटी तिच्याहून जलद वाढली. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या क्रे-१ या महासंगणकाला सु. ११५ किलोवॉट शक्ती लागे व त्यातील उष्णता फ्रिऑन या प्रशीतकाच्या नळ्यांतून वाहून नेली जाई. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर संपूर्ण मंडले विद्युत् निरोधक द्रवात बुडविलेली होती.

भारतात याच काळात संगणक म्हणजे वातानुकूलित कक्ष असे समीकरण रूढ झाले. बँका, विमा कार्यालये, विद्यापीठे व कारखाने यांत संगणकासाठी बंद खिडक्यांची, दुहेरी दारांची वेगळी खोली राखली जाई आणि तेथे पादत्राणे बाहेर काढून प्रवेश करण्याची प्रथा होती. या प्रथेमागे धूळ व आर्द्रता यांपासून चुंबकीय फिती आणि तबकड्या जपण्याचे व्यावहारिक कारण होते. तथापि तिच्यामुळे संगणकाभोवती एक प्रकारचे सोवळेपणही निर्माण झाले. ज्या कार्यालयात माणसांसाठी छताचे पंखे होते, तेथे यंत्रासाठी थंड हवा होती.

पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. एका अतिवेगवान प्रक्रियकाऐवजी ट्रान्सप्यूटर जातीचे अनेक लहान प्रक्रियक एकमेकांना जोडून काम वाटून देणे, हे त्याच्या रचनेचे सूत्र होते. शीतनाच्या दृष्टीने अशा रचनेचा लाभ उघड आहे. उष्णता एका बिंदूत न साठता अनेक पट्ट्यांवर विभागली जाते व ती काढण्यास साधी वाहती हवा अधिक उपयोगी पडते. नंतरच्या काळात प्रक्रियकांची दाटी वाढल्यावर पाण्याचा आश्रय पुन्हा घ्यावा लागला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील ‘प्रत्युष’ (२०१८) हा महासंगणक ज्या मालिकेतील आहे, तिच्या रचनेत हवा कपाटांच्या रांगेतून आडवी वाहते व दोन कपाटांमधील पाण्याच्या वेटोळ्यांवर ती पुनःपुन्हा थंड केली जाते. पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ (२०१९) या यंत्रात द्रव थेट प्रक्रियकाच्या धातूच्या आवरणापर्यंत नेलेला आहे.

व्यक्तिगत संगणक : १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आणलेल्या व्यक्तिगत संगणकातील ८०८८ या मायक्रोप्रोसेसरची उष्णता अडीच वॉटच्या आसपास असल्याने त्यावर हीट सिंकही नव्हता. संपूर्ण यंत्राचा वीजपुरवठा ६३·५ वॉटचा होता व त्याच्या पेटीतील एकच पंखा पुरेसा ठरला. काही निर्मात्यांनी आवाज टाळण्यासाठी पंखाच वगळला. ॲपल कंपनीचा १९८० मधील ॲपल ३ हा संगणक पंख्याशिवाय, केवळ धातूच्या बैठकीतून उष्णता बाहेर टाकण्याच्या कल्पनेवर बांधला होता. तापण्या-निवण्याच्या चक्रात त्यातील चकत्या खाचांतून सैल होत व यंत्र बंद पडे. भारतात १९८४-८५ मध्ये सुमारे २५० शाळांतून सुरू झालेल्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी निवडलेला बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणकही बिनपंख्याचा होता.

यानंतर उष्णतेची वाढ वेगाने झाली. १९८९ मध्ये आलेल्या ४८६ मालिकेतील वेगवान प्रोसेसरांना हीट सिंक बसवावा लागला. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता सु. १५ वॉट होती व हीट सिंकवर स्वतंत्र पंखा बसविणे हा नियम झाला. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने मांडलेल्या एटीएक्स या मानकाने मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठा यांच्या जागा निश्चित केल्या. या मानकाच्या प्रारंभीच्या मसुद्यात वीजपुरवठ्याचा पंखा बाहेरची हवा आत घेऊन ती थेट प्रोसेसरवर सोडेल अशी योजना होती. परंतु वीजपुरवठ्यातून जाताना हवा आधीच तापत असल्याने ही दिशा पुढे उलटविण्यात आली. हवेने प्रथम थंड राखावयाच्या घटकाकडे व शेवटी उष्ण घटकाकडे जावे, हा धडा या बदलातून मिळाला.

२००४ मध्ये पेंटियम ४ च्या ‘प्रेस्कॉट’ या आवृत्तीत प्रोसेसरची उष्णता १०० वॉटच्या पुढे गेली. तिची चकती १ चौ. सेंमी.हून किंचित मोठी होती. स्वयंपाकघरातील विजेच्या शेगडीच्या तव्यावर दर चौ. सेंमी.ला साधारणपणे ६ वॉट उष्णता असते. येथे ती सु. ९० वॉट झाली. त्याच वर्षी इंटेलने पुढील अधिक वेगवान आवृत्तीची योजना सोडून दिली व एकाच चकतीवर अनेक प्रक्रियक ठेवण्याचा मार्ग धरला. त्यापूर्वी मांडलेले, हवा पेटीतून सरळ रेषेत नेणारे बीटीएक्स हे मानकही मागे पडले. संगणकाच्या घड्याळाचा वेग वाढविण्याची स्पर्धा येथे थांबली, तिचे मोठे कारण उष्णता हेच होते. याच सुमारास उष्णता नलिकांचा वापर घरगुती संगणकात रूढ झाला. लॉस ॲलॅमॉस येथे १९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी विकसित केलेल्या या बंद नलिकेत थोडा द्रव असतो. तो उष्ण टोकाशी वाफ होऊन थंड टोकाशी जातो, तेथे निवून आतील सच्छिद्र अस्तरातून परत येतो.

जुळणी केलेले संगणक : महाराष्ट्रात १९९० नंतर तयार नाममुद्रेच्या संगणकांबरोबर सुटे भाग विकत घेऊन जुळणी केलेल्या संगणकांचा प्रसार झाला. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड व पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथील बाजार या व्यवसायासाठी प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे २००१ नंतर तालुक्याच्या गावांतूनही संगणक केंद्रे निघाली. त्यांतील अनेक यंत्रे वातानुकूलनाशिवाय, छताच्या पंख्याखाली चालत. संगणक कक्षाचे सोवळेपण येथे संपले, पण त्याबरोबर थंड व स्वच्छ हवेची हमीही संपली.

जुळणी करणाऱ्या तंत्रज्ञाला प्रोसेसर, स्मृती व मदरबोर्ड यांच्या किंमतीत स्पर्धा करावी लागे. ग्राहकाच्या नजरेस न येणारे कॅबिनेटचे पंखे व बोलीत एसएमपीएस म्हणून ओळखला जाणारा वीजपुरवठा यांत काटकसर करणे सोपे होते. पंखा बसविण्याच्या जागा रिकाम्या असलेली कॅबिनेटे त्यामुळे सर्रास विकली गेली. २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबईबाहेरील मोठ्या भागात भारनियमन तीव्र होते. वीज गेल्यावर अखंड वीजपुरवठ्याच्या बॅटरीवर संगणक चालू राही, पण खोलीतील पंखे थांबत. त्यामुळे ज्या वेळी खोली सर्वांत जास्त तापलेली असे, त्याच वेळी यंत्राभोवतीची हवा स्थिर होई.

पंख्यांची मांडणी : घरगुती संगणकाच्या कॅबिनेटात सामान्यतः १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारे, ८०, १२० किंवा १४० मिमी. चौकटीचे पंखे वापरतात. सारख्याच राशीसाठी मोठ्या व्यासाचा पंखा कमी वेगाने फिरविता येतो व त्यामुळे आवाज कमी होतो. पंख्याच्या चौकटीच्या ज्या बाजूस मोटरीला आधार देणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने साधारणपणे हवा बाहेर पडते. काही पंख्यांवर दिशा दाखविणारे बाण असतात. शंका असल्यास उदबत्तीचा धूर जवळ धरून दिशा पडताळता येते. चार तारांच्या पंख्यांत सु. २५ किलोहर्ट्झ कंप्रतेच्या स्पंदांनी वेग नियंत्रित होतो व मदरबोर्ड तापमानानुसार तो कमीजास्त करतो.

सर्वसामान्य मांडणीत पुढील बाजूने, खालच्या भागातून हवा आत घेतात व मागील आणि वरील बाजूने बाहेर सोडतात. उष्ण हवा वर जाण्याच्या नैसर्गिक प्रवृत्तीला ही दिशा साहाय्यक असते. मात्र पंख्यांच्या जोरापुढे ती प्रवृत्ती दुर्बळ असल्याने प्रवाहाचा सलगपणा अधिक महत्त्वाचा ठरतो. वरच्या भागात अगदी पुढे हवा बाहेर टाकणारा पंखा बसविल्यास पुढून आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निघून जाते. समोरासमोर हवा फेकणारे पंखे एकमेकांचे कार्य निष्फळ करतात. वीजपुरवठा तळाशी असल्यास त्याने खालून स्वतंत्र हवा घ्यावी, म्हणजे त्याची उष्णता उर्वरित घटकांना लागत नाही. ग्राफिक्स कार्ड हा अनेक यंत्रांत सर्वांत उष्ण घटक असतो. त्याच्या खाली हवेला मोकळी जागा लागते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवल्यास पेटीतील दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो व फटींतून धूळ आत ओढली जात नाही. हवा केवळ जाळी लावलेल्या वाटेने येते. धुळीच्या प्रदेशात ही मांडणी हितावह असते. मात्र जाळी नियमित साफ केली नाही, तर तीच प्रवाहाला अडथळा करते. बाजूचे झाकण काढून टेबलपंखा लावण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. तिने तात्पुरता लाभ होऊ शकतो, परंतु पुढून मागे जाणारा आखलेला प्रवाह मोडतो व हीट सिंकच्या पत्र्यांत धूळ वेगाने साठते. संगणक मेजाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला टेकवून ठेवल्यास बाहेर पडलेली उष्ण हवा पुन्हा आत ओढली जाते. अशा वेळी नवा पंखा बसविण्यापेक्षा यंत्र एक वीत पुढे सरकविणे अधिक उपयोगी पडते.

किनारी प्रदेशातील परिस्थिती : रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई या गावाच्या उदाहरणावरून कोकण किनाऱ्यावरील वायुशीतनाच्या अडचणी स्पष्ट होतात. खाड्या, मिठागरे व भातखाचरे यांच्या या परिसराचा १९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेनंतर नव्या मुंबईच्या आराखड्यात समावेश झाला. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी जासईचेच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. १९८९ मध्ये जवळच न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले व जानेवारी २०२४ मध्ये मुंबईकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. खाडीची खारट हवा आणि बंदराकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची धूळ या दोहोंना येथील घरगुती संगणकाला तोंड द्यावे लागते.

पहिली अडचण तापमानाची आहे. पूर्ण भार असताना एखाद्या प्रोसेसरचे तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा ६५° से.ने अधिक राहत असेल, तर २४° से.च्या वातानुकूलित खोलीत ते ८९° से. राहील, मे महिन्याच्या दुपारी ३६° से.च्या खोलीत ते १०१° से.कडे जाईल. बहुतेक प्रोसेसर ९५° ते १००° से.च्या सुमारास आपला वेग स्वतःच कमी करतात. म्हणजे तेच यंत्र, तेच पंखे व तेच काम असूनही खोलीच्या फरकाने काम मंदावते. विद्युत् विच्छेद्यी धारित्रांचे आयुष्य तापमानाच्या दर १०° से. वाढीला साधारणतः निम्मे होते, हा तोटा तर लगेच दिसतही नाही. थंड खोलीत तपासून ठरविलेली पंख्यांची संख्या अशा घरात पुरेशी मानता येत नाही.

दुसरी अडचण आर्द्रतेची व मिठाची आहे. सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास मिठाचे कण हवेतील पाणी शोषून ओले होतात व मंडलाच्या तांब्याच्या रेषांवर क्षरण सुरू होते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही मर्यादा नित्य ओलांडली जाते. परंतु ३०° से. तापमानाची व ८० टक्के आर्द्रतेची हवा चालू संगणकात ४०° से.पर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सु. ४६ टक्क्यांवर येते. त्यामुळे पावसाळ्यात दीर्घकाळ बंद ठेवलेल्या यंत्राला नियमित वापरातील यंत्रापेक्षा अधिक धोका असतो. येथे साध्या पंख्याचा एक गुणही दिसून येतो. त्याने थंड केलेला घटक खोलीपेक्षा सदैव उष्ण राहत असल्याने त्यावर दव धरत नाही. याउलट वातानुकूलनाने २०° से.पर्यंत थंड झालेले, बंद यंत्र पावसाळी हवेत उघडे पडल्यास त्यावर पाणी जमते, कारण त्या हवेचा दवबिंदू २४° ते २५° से.च्या आसपास असतो.

या परिस्थितीत प्रवेशमार्गावर धुता येण्याजोगी जाळी, किंचित अधिक आतील दाब, मोठ्या व्यासाचे मंदगती पंखे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर केलेली साफसफाई हे उपाय उपयुक्त ठरतात. यंत्र निवडताना कमी शक्तीच्या प्रोसेसरला प्राधान्य देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय, कारण निर्माणच न झालेली उष्णता काढावी लागत नाही. यंत्राने सोडलेली हवा खोलीबाहेर जाण्यास खिडकी किंवा झरोका नसेल, तर ३०० वॉटचा संगणक लहान खोली हळूहळू तापवितो व त्याच तापलेल्या हवेवर त्याला चालावे लागते.

विदाकेंद्रे : २०१० नंतर संगणनाचा मोठा भाग घरातील यंत्राकडून पुन्हा मोठ्या दालनांकडे, म्हणजे विदाकेंद्रांकडे गेला. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात व पनवेल परिसरात अशी केंद्रे उभी राहिली. पनवेल येथे २०२० मध्ये सुरू झालेले योट्टा कंपनीचे ‘एनएम १’ हे केंद्र ७,२०० कपाटांसाठी व ५० मेगॅवॉट शक्तीसाठी योजलेले आहे. ही शक्ती प्रत्येकी १ किलोवॉटच्या ५०,००० शेगड्यांइतकी होय. अशा दालनांत कपाटांची तोंडे समोरासमोर ठेवून थंड व उष्ण हवेच्या मार्गिका वेगळ्या राखतात. घरगुती कॅबिनेटातील पुढून मागे जाणाऱ्या प्रवाहाचेच हे मोठे रूप आहे. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने २००४ मध्ये यंत्रांकडे जाणाऱ्या हवेसाठी २०° ते २५° से. ही मर्यादा शिफारस केली होती. २००८ मध्ये ती १८° ते २७° से. इतकी विस्तारण्यात आली. हवा जितकी कमी थंड करावी लागेल, तितकी विजेची बचत होते, हे त्यामागील कारण होते.

कोरड्या प्रदेशात पाण्याच्या बाष्पीभवनाने स्वस्तात हवा थंड करता येते. किनाऱ्यावरील पावसाळी हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तो लाभ येथे अल्प असतो व यांत्रिक प्रशीतनावर अवलंबून राहावे लागते. दालनातून काढलेली उष्णता अखेर परिसरातील हवेतच सोडली जाते. एनिॲकच्या काळाप्रमाणेच गणनेसाठी लागणाऱ्या शक्तीबरोबर शीतनासाठी लागणाऱ्या शक्तीचा हिशेब पुन्हा मांडला जाऊ लागला असून २००७ पासून या दोहोंच्या एकूण बेरजेचे गणनेच्या शक्तीशी असलेले गुणोत्तर हे केंद्राच्या कार्यक्षमतेचे माप म्हणून वापरले जाते. दुसरीकडे, मोबाइल संचासाठी विकसित झालेल्या अल्पशक्ती प्रक्रियकांमुळे पंखा नसलेले सुवाह्य संगणकही २०२० नंतर सामान्य कामांसाठी पुरेसे ठरू लागले आहेत. अधिक शक्तीच्या घरगुती यंत्रांत मात्र पंखा व त्याने आखलेला हवेचा मार्ग यांची आवश्यकता कायम आहे.